उमरेडजवळ थांबलेला ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. प्रताप नगर.

नऊ दिवस झाले, नकाशावरचा ठिपका उमरेडजवळ एकाच जागी आहे. कळपांच्या वाटा नकाशावर आणायच्या म्हणून म्होरक्या मेंढीच्या गळ्यात आम्ही उपग्रहाचा पट्टा बांधलाय. ती जाईल तिकडे कळप. या दिवसांत कळप इतका थांबत नाही. प्रकल्पाचे सर म्हणाले, ठिपका उद्यापर्यंत हललाच पाहिजे. मी चिडून मेंढपाळ सोमाजींना फोन केला. पट्टा काढलात का, म्हणून जवळजवळ ओरडलेच.

"माही माय गेली ना ताई. सुतकात आम्ही मेंढ्यायच्या घंट्या काढतो. मंग पट्टाबी काढला. इथंच पाहुण्याकडे ठेवला. कळप गेला पुढं, चारा कुठं होता?"

"अहो, पण तो वाजत नाही!"

"वर उपग्रहासंग तं बोलते ना? तुमीच सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. आता हंगामाची अर्धी वाट नकाशावर येणारच नाही. तो ठिपका पाहिला की अजून राग येतो. पण कोणावर? मागच्या महिन्यात आई गेली, आणि पाचव्या दिवशी मी कामावर हजर होते. थांब असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

सोमाजींना म्हटलं, तेरवी झाल्यावरच बांधा. सरांना अजून सांगितलेलं नाही.