एका ओळीचा फरक

प्रिय लक्ष्मीअक्का,

तू गेलीस त्या दिवशी मी आले, हार घातला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. आज बोलते, कारण सकाळी बाद कागदांच्या गठ्ठ्यात तुझा कागद सापडला.

आठवतंय ना? कॉलेजातल्या मॅडमच्या संशोधनासाठी मी एक गोष्ट लिहिली होती. टॉवेलच्या कारखान्यात एका बाईचं बोट मागात सापडून तुटतं. अर्ध्या कागदांवर मालक आपणहून तिच्या घरी जाऊन माफी मागतो, उरलेल्यांवर गावभर बोभाटा झाल्यावर. बाकी शब्द न् शब्द तोच! कुणाला कुठला कागद, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. खाली प्रश्न: या मालकावर किती विश्वास ठेवाल? एक ते सात चौकटी. दुसराही कागद आहे हे कुणाला कळता कामा नये, तरच त्या एका ओळीनं मत किती हलतं ते कळणार.

आणि हे कागद मी वाटले कुठं? तुमच्या विड्या वळायच्या बैठकीत! जिथं एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत वळायचं. शाळेतून आल्यावर तुमच्यात बसून धडे वाचून दाखवायचे ती मीच की! मला कसं सुचलं नाही गं?

चहा पिऊन परत येते तर भांडण पेटलेलं.

"माज्या कागदातल्या मालकानं आदीच माफी मागितली की!" शांताबाई म्हणत होती.

"खोटं बोलतीस. हितं बघ, बोंबाबोंब झाल्यावर आलाय त्यो!" तू.

मग तू दोन्ही कागद सुपावर शेजारी ठेवलेस. बोट फिरवत ओळ न् ओळ ताडून पाहिलीस आणि हसलीस. "एकच ओळ बदललीस व्हय गं? लई चालू हायेस तू!"

मला जे समजायला महिना लागला, ते तू एका नजरेत पकडलंस! आणि मी? बारा कागद बाद झाले म्हणून सगळ्यांसमोर ओरडले, "अक्का, वाटोळं केलंस तू!" तू दोन्ही कागद बाजूला सारलेस. सूप मांडीवर ओढून घेतलंस.

आज पाहिलं, तुझ्या सातही चौकटी कोऱ्या. खाली वाकडं अक्षर: "जिचं बोट गेलं ती काय म्हनली? तिला इचारा की."

गोष्ट मी दहादा खरडली, मॅडमनी तपासली. त्या बाईला तोंडच दिलं नव्हतं आम्ही! तुला कसं दिसलं गं हे? पानात तंबाखू भरता भरता?

तुझा रागही येतो. तेव्हाच का नाही सुनावलंस मला? पण मी ऐकलं असतं?

आणि माझी माफी कुठल्या कागदावरची, अक्का? आपणहून आली, पण तू गेल्यावर आली. ही ओळ माझ्या दोन्ही कागदांवर नाही.

उद्या दुपारी बैठकीत येते. त्या उरलेल्या अकरा जणींची, कुणी काही म्हणायच्या आत, हात जोडून माफी मागते. नव्या गोष्टीत ती बाई बोलेल. ती मी मोठ्यानं वाचेन, तुझ्या जागेवर बसून. शांताबाई भांडली तर भांडू दे.

तुझ्या चौकटी मी कोऱ्याच ठेवल्यात.

तुझी लई चालू,
मीरा