मॉडचे मंद दिवे

६ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना बाबांचं पुन्हा तेच — "ज्यूडिथ, मॉडचे दिवे हल्ली फार मंद झालेत गं." मॉड म्हणजे त्यांची अठ्ठावन्न सालची गाडी. बाबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. दर गुरुवारी एनिडआत्याला घेऊन चर्चच्या गाण्याच्या तालमीला जातात. सहा मैल, दोन्हीकडे झुडपांची कुंपणं, रस्ता एका गाडीपुरता. आणि आता पाचलाच काळोख! मला धसकाच बसलाय.

७ नोव्हेंबर

गॅरेजवाला नॉर्मन म्हणाला, "जुना डायनॅमो आहे. गाडी थांबली की वीज जवळजवळ बंद. दिवे, वायपर, हीटर एकदम लावले की बॅटरी बसलीच. अल्टरनेटर टाक, तो गाडी थांबली तरी वीज देतो. सुटशील."

बाबांना विचारलं. भडकलेच! "मॉडच्या पोटात परकी वस्तू? मी मेल्यावर काय घालायचं ते घाल."

१२ नोव्हेंबर

नॉर्मनने तोड काढली. बाहेरून हुबेहूब डायनॅमो, आत अल्टरनेटर! "सिरिलकाकांनी बॉनेट उघडलं तरी कळायचं नाही." बाबांना तो सिरिलकाका म्हणतो.

बाबांना सांगितलं, ब्रेक तपासायला नेतेय. सरळ खोटं बोलले. या वयात, बापाशी!

१४ नोव्हेंबर

बसवला एकदाचा. बॅटरीची जोडणीसुद्धा उलटी करावी लागली. गॅरेजच्या भिंतीवर दिव्यांचा झोत पाडून पाहिला — लख्ख! मला रडूच आलं.

मग नॉर्मन डोकं खाजवत म्हणाला, "एक राहिलंच. गाडी थांबली की डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा मिणमिणायचा ना? आता वीज पुरते, नाही मिणमिणणार."

मेले! बाबा गाडी थांबली की त्या दिव्याकडे बघून मान डोलावतात. "मॉड डुलकी घेतेय," म्हणतात. पहिल्याच थांब्याला मी पकडली जाणार.

१५ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

झोप नाही. खरं सांगून टाकू? बोलणं टाकतील. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांचा अबोला मला सोसायचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आत्याला सर्दी झालीय, म्हणून तालमीला मी बाबांबरोबर निघाले. पहिल्या तिठ्यावर बाबांनी ब्रेक दाबला, जरा उशिराच. मी श्वास रोखला. तांबडा दिवा विझलेला. बाबा वाकले, टक लावून पाहिलं. मान डोलावली.

"बघ, मिणमिणतोय. डुलकी घेतेय माझी मॉड!"

मी पुन्हा दिव्याकडे पाहिलं. विझलेलाच.

"पण पुढचे दिवे मात्र अजून मंदच आहेत गं," ते म्हणाले. समोरच्या कुंपणाचं पान न् पान दिसत होतं.

"बाबा, मला मळमळतंय," मी म्हटलं. "उतरा. घरी जाऊ. मी चालवते." कुरकुरले, पण उतरले. दाराची कडी मात्र बराच वेळ हाताने चाचपत होते.

१६ नोव्हेंबर

चावी माझ्याकडे. बाबांना नीट दिसत नाही, हे आत्याला फोन करून कसंबसं सांगितलं. ती खोकत खोकत हसली. "अगं, दोन वर्षं झाली की! मी शेजारी बसून डावं-उजवं सांगते, सिरिल चाक फिरवतो. तुला ठाऊक नव्हतं?"