सर्जाच्या माळेतलं घुंगरू

मंगळवार, १९ नोव्हेंबर २००२

घुंगरू माझ्याबरोबर परत घरी आलं.

पक्षाघातानं यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात खाटेची बेल नेमकी उजवीकडं. खाट फिरवा म्हटलं, तर सिस्टर म्हणाल्या, "ऑक्सिजन त्याच भिंतीला हाय की, मावशी."

पुरुषांच्या वॉर्डात बायकांना रात्री थांबू देत नाहीत. म्हणून आज आमच्या सर्जा बैलाच्या माळेतलं घुंगरू यांच्या डाव्या मनगटाला बांधलं. शेजारच्यांनी तक्रार केली, सिस्टरांनी ते सोडून माझ्या हातात दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? पण बेल उजवीकडंच. घशात काही अडकलं तर हे बोलावणार कसे?

शिरोळपर्यंत एसटीत खड्ड्याखड्ड्याला पिशवीतलं घुंगरू वाजत होतं, आणि दरवेळी मी उठायला बघत होते.