सोवळ्यात सोललेली

३ फेब्रुवारी १९३३, शुक्रवार

सोवळ्यात! कोण सोवळ्यात? आज बोटीनं मुंबईहून नव्या लेबलांची गाठोडी आली. रावजीशेटनी एक माझ्यासमोरच सोडलं. तांबडी किनार, मधे कलश, आणि खाली ठळक अक्षरांत — "अस्सल पूजेची सुपारी. ब्राह्मण सुवासिनींनी सोवळ्यात सोललेली. देखरेख : सौ. नीराबाई."

दोनदा वाचलं. आमच्या कारखान्यात (कसला कारखाना — पत्र्याची एक लांब पडवी!) तेरा बायका पात्यावर सुपारी सोलतात. महारवाड्यातल्या पाच, कोळीवाड्यातल्या तीन, मोहल्ल्यातल्या दोघी आणि तिघी कुणब्यांच्या. ब्राह्मण मी एकटी, आणि मी सोलत नाही. हजेरी लिहिते, सोललेला माल निवडते, पुडे बांधून घेते. आणि म्हणे सौ.! सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. अख्ख्या बोर्लीला ठाऊक आहे. माझ्या कपाळाकडे पाहिलं की परक्यालाही कळतं.

रावजीशेटना विचारलं. हसले. "बाई, सुपारीला कुठली आली जात? असलीच तर सालीला. ती आपण काढून टाकतो."

मग तसंच छापा ना, म्हटलं.

"इतकी वर्षं पोत्यानं माल जायचा, कुणी विचारत नव्हतं. आता अडत्यांना पुडे हवेत, वर लेबल हवं. त्यांनी पत्र टाकून विचारलं, पूजेची सुपारी सोलतं कोण? काय सांगू त्यांना?"

आणि ते सौ.?

"असू द्या हो. शोभून दिसतं."

शोभून! तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन वहिनीवर उगीच तडकले.

४ फेब्रुवारी, शनिवार

दोनशे पुड्यांना लेबलं चिकटवली. मीच. खळही माझ्याच हातची. चीड येत होती आणि हात चालत होते!

एक लेबल छपाईत तिरकं गेलं होतं. फेकून देणार होते, या वहीत ठेवलं. शाई मात्र चांगली वापरली आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज पडवीत बसून तेरा जणींकडे बघत राहिले आणि पुन्हा संताप आला.

दोन वर्षांपूर्वी मी या नोकरीवर आले तेव्हा महारवाड्यातल्या पाच जणी बाहेर उन्हात बसून सोलायच्या. पावसाळी दिवशी घरी. मी रावजीशेटशी भांडून सगळ्यांना एका पत्र्याखाली, एका ओळीत बसवलं. कुणबिणी दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी मुकाट आल्या. आमच्या घरात तर शिमगा! दादा आठ दिवस बोलला नाही. वहिनी अजून मला आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नाही — "वन्सं, आधी न्हाणीत." असू दे. ओळ एक झाली ती झाली.

पाण्याची मडकी मात्र तीन आहेत. मी घरून माझा तांब्या नेते. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

सगुणाचा हात बघत बसावं. महारवाड्यातली ही सगुणा, वय माझ्याएवढंच. सुपारी पात्याला लावते, एक पीळ देते, साल अख्खीच्या अख्खी खाली. आत ओरखडा नाही. पूजेला अशीच अभंग सुपारी लागते. नवरा मुंबईला गोदीत, तीन दिवस काम तर चार दिवस बसून. पण हातात पातं आल्यापासून सगुणानं घरोघर भाकरी मागायला जायचं बंद केलं. सासू कुरकुरते, म्हणते हक्काची भाकरी सोडू नये. सगुणा म्हणते, "हक्काची आसंल. पन दाराभायेर टोपली घिऊन हुबं ऱ्हायाचं, ह्यो कसला हक्क?"

या बाईचा हात लपवायचा! आणि त्यावर माझं नाव घालायचं!

१५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना लेबल वाचून दाखवलं. त्यांच्यात कुणालाच वाचता येत नाही.

कोळीवाड्यातली सोनूबाई तर डोळ्यांत पाणी येईतो हसली. "मी बामनीन झालू? मंग म्हावरं कोन इकंल?" मोहल्ल्यातली हलीमा म्हणाली, "म्हणजे गेल्या महिन्यातले माझे रोजे फुकट गेले म्हणा की!" सगळी पडवी हसत होती.

सगुणा हसली नाही. "बाई, कागूद काय बी बोलू दे. त्यो तसं बोलतो म्हनून आमाला पातं हाय. तुमी त्यात पडू नका."

मला तिचाच राग आला. किती भ्यायचं माणसानं! म्हटलं, मी मुंबईच्या अडत्यांना लिहिणार. खरं काय ते कळू दे त्यांना.

"ल्ह्या. पन आमची नावं घालू नका."

नावं घातल्याशिवाय न्याय कसा होणार, असं मी तिला विचारलं. ती उठली. पात्यावर जाऊन बसली, सुट्टी संपायच्या आधीच.

१८ फेब्रुवारी, शनिवार

पत्र टाकलं! डाकघरात स्वतः जाऊन. मसुदा तीन दिवस खरडत होते, तो इथेच वहीत ठेवते आहे.

चांगलं झणझणीत लिहिलं. "आपल्या गिऱ्हाइकांच्या देवांनी ही सुपारी दोन वर्षं मुकाट्यानं स्वीकारली. कुणाचा देव रुसल्याचं ऐकिवात नाही. मग ज्या हातांनी ती सोलली ते हात लपवता कशाला?" खाली तेरा जणींची नावं, एकेकीची जात, वस्ती. शेवटी स्पष्ट मागणी — छापायचं तर या बायकांची नावं छापा. नाहीतर काहीच छापू नका. पण खोटं नको.

धंदा करणाऱ्यांना कुणीतरी हे सांगायलाच हवं होतं. सगळे गप्प बसतात म्हणून तर यांचं फावतं! आज फार बरं वाटतंय.

२५ फेब्रुवारी, शनिवार

उत्तर नाही.

२ मार्च, गुरुवार

अजून नाही. सगुणा रोज नुसती बघते. विचारत नाही.

६ मार्च, सोमवार

उत्तर आलं. मला नाही — रावजीशेटना.

सकाळी पडवीत आले. तेराही जणींना उठवून उभं केलं. म्हणाले, उद्यापासून काम नाही. सुपारी ब्राह्मणांच्या घरी पोचती करणार, तिथल्या बायका सोवळ्यात सोलतील. पाती इथेच ठेवून जा. झालं! दोन वर्षांचं काम दोन वाक्यांत संपवलं.

मी सगळ्यांच्या देखत ओरडले. निर्लज्ज म्हटलं. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "बाई, तुम्हीच लिहिलंत ना, खोटं नको म्हणून? घ्या. आता लेबल खरं केलं."

लेबल बदलायचं होतं हो! लेबल! माणसं नव्हती बदलायची! पण लेबलांची तीन गाठोडी शिल्लक आहेत, ती फुकट कशी घालवायची? म्हणून बायका बदलल्या.

वर म्हणतात, "मी खोटं छापलं म्हणून तेरा जणींना काम देऊ शकत होतो. खरं सांगून देणारा एक व्यापारी या किनाऱ्यावर दाखवा मला." म्हणजे आता हे संत! लबाडी करायची आणि तिचे उपकारही मोजून घ्यायचे! छातीत दम असता तर अडत्यांना उलट लिहिलं असतं — आमची सुपारी अशीच आहे, घ्यायची तर घ्या. पण याचं उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं नाही. आत्ता लिहिताना सुचतंय, आणि आता ऐकायला कुणी नाही.

सोनूबाई जाताना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी पुन्हा कोलीन झालू गो." या वेळी कुणी हसलं नाही. सगुणानं पातं पुसून भिंतीशी ठेवलं आणि निघून गेली.

मला ठेवलंय. "तुमच्याबद्दल अडत्यांची काही तक्रार नाही," म्हणाले.

७ मार्च, मंगळवार

माझ्याबद्दल तक्रार का नाही? खोटं काय तेरा जणींबद्दलच होतं? ते सौ. काय खरं आहे?

कारण उघड आहे. जात! ब्राह्मण म्हटलं की बाकी सगळं पोटात घालतात. विधवा असो, कुणी असो. किळस आली.

वहिनी म्हणाली, "बरंच झालं वन्सं, आता सोडा ती नोकरी. चार माणसांत आम्हाला मान वर करता येईल." ठरलं! आता तर मुळीच सोडणार नाही.

१४ मार्च, मंगळवार

सकाळी मागच्या दारी सगुणाची सासू. टोपली घेऊन. दोन वर्षांनी.

वहिनीनं वरून भाकरी टाकली. मी माजघरात उभी होते. पुढे झाले नाही.

१६ मार्च, गुरुवार

राहवेना, सगुणाकडे गेले. कुंपणाशी उभी राहिले. ती अंगणात पेंढा बांधत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी रावजीशेटना शिव्या दिल्या, अडत्यांना दिल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमची नावं लिवलीत?"

हो.

"जाती बी?"

हो. लपवण्यासारखं काय आहे त्यात, म्हटलं.

"न्हायच. माजा भाऊ म्हाडाच्या चवदार तळ्यावर पानी प्याया गेल्ता, समद्यांम्होरं. त्यानं न्हाय लपीवलं. पन जायाचं का न्हाय, त्ये त्याचं त्यानं ठरीवलं व्हतं." पेंढ्याची गाठ आवळली. "तुमचं काय लिवलंत?"

म्हटलं, माझंही नाव आहे की! खाली ठळक सही केली. निनावी पत्र लिहिणारी नाही मी.

"बरं केलंत," म्हणाली आणि आत गेली. पाडवा झाला की मुलीला घेऊन मुंबईला नवऱ्याकडे जाणार आहे, असं शेजारणीकडून कळलं. त्या नवऱ्यालाच तिथे पुरतं काम नाही.

परत येताना वाटभर राग येत होता. तिचा का माझा, कळेना. एवढं सगळं मी कुणासाठी केलं? आणि माझ्याशी असं बोलावं?

२२ मार्च, बुधवार

आज तर कमाल झाली!

आता घरी सोलणाऱ्यांत एक कृष्णाबाई आहेत, देवळामागे राहतात. नवऱ्याला दमा, घरात मिळवतं कुणी नाही. पहिल्या आठवड्यात त्यांचा माल म्हणजे नुसते ओरखडे आणि रक्ताचे डाग. आज पोतं उघडलं तर सुपारी स्वच्छ! पण प्रत्येकीच्या देठाशी एक बारीक धागा राहिलेला. हा धागा मी दोन वर्षं रोज बघितलाय. सोनूबाईचा हात!

तडक कृष्णाबाईंच्या घरी गेले. त्या रडायलाच लागल्या. "बोटं बघा हो माझी. काय करू? परसात सोलायला बसवते सोनूबाईला. निम्मी मजुरी तिला देते. कुणाला सांगू नका, तुमच्या पाया पडते."

म्हणजे खोटं होतं तिथेच परत आलं, आणि सोनूबाईची मजुरी तेवढी निम्मी झाली! पडवीत पत्र्याखाली बसायची, आता परसात उन्हात. आणि पुड्यावर तेच — सोवळ्यात. रावजीशेटना हे ठाऊक नसेल? डोळे मिटून घेतात नुसते. सगळे एका माळेचे मणी!

आता अडत्यांना नाही, थेट वर्तमानपत्राला लिहिते. एकालाही सोडणार नाही. कोण खोटं बोललं, कुणाच्या जिवावर बोललं, नावानिशी लिहिणार! कृष्णाबाई रडल्या तरी रडोत.

२३ मार्च, गुरुवार

नव्या पत्रासाठी जुन्याचा मसुदा काढला. त्या तिरक्या लेबलाखालीच होता. चार पानं, सगळी खाडाखोड. एकेक शब्द तीनतीनदा बदललाय. तेरा नावं, तेरा जाती. त्याखाली माझी सही. तिच्यात मात्र एकही खोड नाही. हात कुठे अडखळलेलाही नाही.

सौ. नीराबाई.