हात काढला नाही

आई,

एका जखमी माणसाच्या मानेतला सुऱ्याचा घाव मी दोन्ही हातांनी दाबून धरला होता, तेवढ्यात त्याच्या भावाने माझ्या तोंडावर खुर्ची हाणली. "इथे बसून काय करतोयस? अँब्युलन्समध्ये घाल त्याला!"

रक्त आवरल्याशिवाय हलवलं असतं, तर तो वाटेतच गेला असता. म्हणून हात काढला नाही, दुसरा फटकाही खाल्ला. शेवटी आमच्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने भावाला खाली पाडलं आणि मला विचारलं, "तुझा एक दात गेला, याचे दोन घेऊ का?"

दात बाजूचा होता, हसलो तरी दिसत नाही. बाबांना सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

आज सकाळी जखमी शुद्धीवर आला. वॉर्डाबाहेर त्याचा भाऊ बसला होता. उठून त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

तुझा धाकटा