शैलेंद्रकाकांचं झाकण

शॉमबर्ग (अमेरिका), ३ मे २०२५

ती. बाबांस,
प्रीताचा सा. न. वि. वि.

गाडीमागे जोडून न्यायच्या, आत राहता येणाऱ्या आमच्या जुन्या ट्रेलरच्या छतावरच्या झरोक्याचं प्लॅस्टिकचं झाकण गारांनी फुटलं. मॉडेल पन्नास वर्षांपूर्वीचं. त्या मापाचं झाकण आता कुणी बनवत नाही. फ्रीमाँटच्या शैलेंद्रकाकांकडे असाच ट्रेलर आहे. त्यांनी छताला ताडपत्री बांधून आपलं झाकण साचा काढायला पाठवलंय. म्हणाले, तुटलं तर तुटलं यार, टेन्शन घेऊ नकोस. पण संध्याकाकू गेल्यापासून ते जास्त त्या ट्रेलरमध्येच असतात. दुसरं झाकण ते आणणार कुठून?

प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे तुमच्याच गणपतीच्या कारखान्यात शिकले. काकांचं झाकण फार ठिसूळ झालंय, साच्यासाठी त्यात प्लास्टर ओतलं तर तडा जाईल असं वाटतं. काय ते ठरेपर्यंत सुरक्षित राहावं म्हणून देव्हाऱ्यात ठेवलंय. यश हसतो. काय करू?

लोभ आहे तसा राहू द्या, उत्तर मात्र लवकर द्या.

आपली,
प्रीता

पेण, १९ मे

चि. प्रीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई विचारते, देव्हाऱ्यात देवांना जागा उरली आहे ना? झाकणाला रोज फूल वाहत असशील तर तेही कळव.

गणपतींची घाई आहे, थोडक्यात लिहितो. तडा जाईल असं वाटतंय ना? मग जाईल. तुझा हात उगाच कचरत नाही. दुसऱ्याच्या वस्तूत प्लास्टर ओतू नकोस. तुमचं फुटलेलं झाकण जपून ठेवलंस की दिलंस टाकून? असेल तर त्यात धड काय उरलंय ते बघ.

जावईबापू यशरावांना नमस्कार. माया आहेच, ती लिहून काय वाढायची!

तुझे,
बाबा

शॉमबर्ग, ८ जून

ती. बाबांस,
प्रीताचा सा. न. वि. वि.

फुटलेलं झाकण गॅरेजमध्येच होतं. मधल्या फुगवट्यापर्यंत एकच कोपरा धड होता. बराच वेळ बघत बसले, तेव्हा लक्षात आलं: झाकण चौरस, चारही कोपरे सारखेच! त्या एकाच कोपऱ्यात चार वेळा प्लास्टर ओतलं. चौथ्या खेपेला त्याला तडा गेलाच, पण तोवर काम झालं होतं. चारही तुकडे जोडले, घासले आणि त्यावर तापवलेली प्लॅस्टिकची शीट ओढली.

झाकण चपखल बसलं. यशने वरून पाइपने पाणी मारलं. मी आत कोरडी.

काकांचं झाकण जसंच्या तसं परत पाठवलं, सोबत एक नवीन. त्यांनी ओळखीतल्या ट्रेलरवाल्यांना सांगितलं असावं, कारण आणखी दोघांनी झाकण मागितलंय. तुमचा लोभ गृहीत धरून, तुम्हाला न विचारताच, मी दोघांनाही हो म्हटलं.

आपली,
प्रीता