पाचव्या वचनाची पंचवीस मिनिटं

राहुरीजवळच्या वस्तीवरून,
सोमवार, २१ एप्रिल २०२५, सकाळी सात

चि. मोनिका हिस,
शांतवन मामाचा प्रभूमध्ये सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

काल ईस्टरची उपासना झाली. पहाटेच्या फेरीला माणसं बऱ्यापैकी होती, पण गाण्यात जीव नव्हता. पाळकसाहेबांनी तुझ्या आईचं नाव घेऊन प्रार्थना केली. सूनबाई अश्विनी साडेआठच्या गाडीनं डबा आणि हे पत्र घेऊन नगरला निघतेय. भाकरी आणि मुगाचं पातळ वरण दिलंय. दवाखान्याच्या जिन्यात बसून का होईना, दोन घास खा. आजारी माणसाजवळ बसणाऱ्यानं आधी स्वतःला सांभाळावं लागतं, पोरी.

माझ्या अभ्यासाचं म्हणशील तर पोस्टानं चौथं पुस्तक आलंय. सातवी नापास माणूस, एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं नटबोल्ट आवळलेला, सदुसष्टाव्या वर्षी ईश्वरविज्ञान शिकतो याचं सगळ्यात जास्त कौतुक तुलाच. फॉर्मही तूच भरलास. पाळकसाहेब मला चेष्टेनं 'विद्यार्थी' म्हणतात आणि मी आतून फुगतो.

बघ, गाडी भलतीकडेच नेली मी.

शनिवारी तू फोनवर विचारलंस, "मामा, आई नक्की किती वेळ तशी पडून होती? डॉक्टर सारखं विचारतायत. साखर किती वेळ उतरलेली होती त्यावर त्यांना पुढचं ठरवायचंय." मी म्हणालो, "लगीच उचललं गं, पाच मिनिटं पन न्हाई."

ते खोटं आहे. पंचवीस मिनिटं. एक पन्नासला तिची मान खाली गेली आणि सव्वादोनला तिला उचललं. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं, त्यामुळं यात चूक नाही. डॉक्टर दहाला येतात म्हणालीस. एवढं वाचलंस की आधी उठून त्यांना सांग. बाकीचं पत्र कुठं पळून जात नाही.

काल हेच सांगायला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा "जेवलीस का?" एवढंच तोंडातून निघालं.

आता कसं घडलं ते लिहितो.

बुधवारी आमच्या घरी प्रार्थना होती. मी उपासावर बोललो. पुस्तकात नवीनच वाचलं होतं, ते सांगायची घाई झालेली. पहिल्या काळातले विश्वासणारे बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायचे आणि त्या दिवशी जे जेवले नाहीत ते विधवेच्या, पोरक्या पोराच्या घरी द्यायचे. लोकांनी माना डोलावल्या. पण त्याच पानावर खाली आणखी लिहिलेलं होतं, की आजारी आणि अशक्त माणसाला उपासाची सक्ती नव्हती. त्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघही ओढली होती. बोलताना मात्र ते गाळलं. म्हटलं, एकदा सूट सांगितली की जो तो कंबर धरून बसेल आणि उपदेशाची सगळी धार जाईल.

प्रार्थना सुटल्यावर तुझी आई, साळू, चहाच्या कपबशा विसळता विसळता म्हणाली, "दादा, मला साखरेची गोळी हाय. मला चालंल का रं उपास?"

"मनापासून आसंल तर देव सांभाळतो."

"आन् गोळी?"

"गोळी डॉक्टरांच्या सांगण्यापरमानं घ्यायची. तिचा न् उपासाचा काय संबंध?"

हसून म्हणाली, "आता तू शिकलेला. तू म्हन्शील तसं."

तिनं दोघांचंही ऐकलं, मोनिका. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांची गोळी घेतली आणि माझ्या शब्दावर उपाशी राहिली. तुझा निरोप तर मला झावळ्यांच्या रविवारीच, ईस्टरच्या आठवडाभर आधी, मोबाईलवर आला होता, "मामा, आईला उपास करू देऊ नका, ती तुमचंच ऐकते." मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिला काही सांगितलं नाही.

उत्तम शुक्रवारी आपल्यात बारा ते तीन सात जण बोलतात, वधस्तंभावरच्या सात वचनांवर, हे तुला माहीत आहे. इतकी वर्षं मी सतरंज्या अंथरल्या आणि घंटा वाजवली. यंदा पहिल्यांदा मला पाचवं वचन मिळालं, 'मला तहान लागली आहे.' तीन वाजेपर्यंत कुणी पाणी पीत नाही. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि पत्र्याखाली पंखे गरम वारा फिरवत होते. माझ्या आधीचं गीत चालू असताना शेजारी बसलेली लंकाबाई साळूला म्हणाली म्हणे, "साळूबाई, घोटभर घे, तोंड बघ कसं झालंय." तर ही म्हणाली, "दादाचं झाल्याव."

पावणेदोनला मी उभा राहिलो. पाच मिनिटं झाली असतील, तोच बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत साळूची मान खाली गेली. पदर पुढं आला. घरी सगळ्यांना वाटतंय की मामा बोलण्यात गुंग होता, त्याला दिसलं नाही. अश्विनीनं काल शेजारणीला हेच सांगितलं आणि मी तिथंच बसून ऐकून घेतलं.

मला दिसलं होतं.

मला वाटलं, वचन लागलं. माझी बहीण, जिला मी लहानपणी खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडं शाळेत नेलं, ती माझ्या शब्दांनी रडतेय. मी तिच्याकडंच वळून बोलू लागलो आणि आवाज चढवला. लंकाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वर माझ्याकडं बघितलं. उठवू का, असंच तिचे डोळे विचारत होते. मी बोलता बोलता हात खाली दाबून खूण केली, राहू दे म्हणून. लंकाबाईनं हात काढून घेतला. शेजारणीच्या कानात म्हणाली म्हणे, "रडू द्या, मन मोकळं व्हईल."

माझी वेळ दोन पाचला संपली होती. मी दोन दहापर्यंत बोललो. पुढं गीताला सगळे उभे राहिले, ती राहिली नाही. ढोलकीवाल्या रंगनाथनं वाजवणं थांबवून आरडाओरडा केला तेव्हा कुठं बाकीचे धावले. तोंडाला फेस होता आणि अंग घामानं भिजलेलं. गोळी उपाशीपोटी घेतल्याचं रंगनाथच्या बायकोनं सांगितलं. तोवर मी वेदीजवळ पुस्तक हातात धरून उभाच होतो.

त्या खुणेचं कुणालाच माहीत नाही. लंकाबाईला आहे, पण ती कुणापुढं बोलायची नाही. तिला वाटतंय चूक तिचीच. आज सकाळी दूध घालायला आली, तर माझ्याकडं बघेना. मी तिला थांबवून म्हणालो, "लंकाबाई, हात तुमचा बरोबर व्हता. काढायला लावला तो मी." ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडली. तिच्यापाशी तोंड उघडलं म्हणून तुझ्यापाशी उघडतोय.

गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं, पण दवाखान्यात आलो नाही ते त्यामुळं नाही. तिनं डोळे उघडले, हात दाबला, पण अजून बोलत नाही असं तू कळवलंस. तिनं डोळे माझ्यावर लावले तर मी कुठं बघू, ही भीती आहे.

तू मला काहीही म्हण, मी ऐकून घेईन. आईजवळ येऊ नका म्हणालीस तर वस्तीवरच राहीन. फक्त एक मागतो. ती बोलायला लागली की सगळ्यात आधी विचारेल, "दादाचं बोलणं कसं झालं?" चांगलं झालं म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. दुसरंही काही तू सांगू नकोस, ते तुझं ओझं नाही. मला फोन कर. मी पहिल्या गाडीनं येईन, तिच्या खाटेशी उभा राहीन आणि तिला माझ्या तोंडानं सांगेन.

तिला पाहूनही बोलत राहिलेला,
तुझा मामा
शांतवन